गच्चीवरची फुली

माझी पहिली नोकरी आईने काढलेल्या स्वस्तिकामुळे जाणार होती.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. विमानातून फोटो काढून त्यावरून नकाशे करणाऱ्या कंपनीत मी नुकताच चिकटलो होतो (अजून कायम नव्हतो!). फोटोत नेमकी जागा सापडावी म्हणून आधी खाली चुन्याची मोठी फुली मारतात, बेरजेच्या चिन्हासारखी. आम्ही राहायचो त्या नवघरची फुली माझ्याकडे आली. उन्हात कोण भटकणार? आमच्याच बिल्डिंगच्या गच्चीवर मारली आणि जेवून झोपलो.

संध्याकाळी आई पापड काढायला वर गेली, ती ओरडतच खाली आली.

"मेल्या, भरल्या घरावर फुली मारलीस?"

"आई, ती विमानासाठी आहे. पुसू नकोस हां!"

"नाही पुसत, बाबा."

खरंच पुसली नाही. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेल्यावर उरलेला चुना घेतला, फुलीला चार रेघा जोडल्या आणि छानसं स्वस्तिक केलं! समोरच्या गच्चीवरून शांताबेनने विचारलं, "माँजी, ये किसलिए?"

"विमान आनेवाला है. शुभ होता है!"

झालं! विमान येईपर्यंत कॉलनीतल्या पाचही गच्च्यांवर स्वस्तिकं. मी मात्र पुन्हा वर डोकावलोसुद्धा नाही.

फोटो आले. एकाच जागेचे दोन फोटो शेजारी ठेवून खास भिंगातून बघितले की घरं उभी राहिलेली दिसतात. साहेब भिंगावर वाकले ते वाकलेलेच.

"ही काय लग्नपत्रिका आहे? फुली कुठाय?"

मी वाकून पाहिलं, तर पाच गच्च्यांवर पाच स्वस्तिकं. आईच! "सर, मधोमध फुलीच आहे... फक्त जरा सजवलीय."

"पण पाचातली कुठली? नाही सापडली तर विमान परत उडवायचं. ती काय रिक्षा आहे, हात दाखवला की थांबायला? तसं झालं तर उद्यापासून येऊ नका!"

मी पुन्हा भिंगाला डोळे लावले. पाचही बिल्डिंगी सारख्या! मला वरून माझंच घर ओळखता येईना (म्हणे नकाशेवाला!). देवाचं नाव घेत एकेक गच्ची बघत गेलो आणि एका टाकीवर काळंकुट्ट भोक दिसलं. आमचं झाकण! म्हणजे, नसलेलं. ते उडाल्यापासून आई रोज मागे लागायची, "बसव रे, कावळे पाणी पितात!"

"सर, हीच! ही आमची टाकी!" मी जवळजवळ नाचलोच. साहेबांनी खात्री करून घेतली आणि हसत मान हलवली.

घरी पेढे नेले, आईला सगळं सांगितलं. बिचारीचे डोळे भरून आले. मला पेढा भरवत ती म्हणाली, "जन्मात एकदा तुझा उपयोग झाला रे बाळा, तोही काम न केल्यामुळे!"