नाक नसलेली गाडी

कट्टा गावच्या बाजारात निजामचं दुकान आहे. चेपलेले पत्रे सरळ करायचे, सडलेला भाग कापून नवा जोडायचा, हे त्याचं काम. वय चौसष्ट. मी एस.टी.च्या कार्यशाळेत चौतीस वर्षं बॉडी फिटर होतो. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी त्याच्याकडे जाऊन बसतो. नुसतं बसवत नाही म्हणून हातही लावतो. तेव्हा पुढे लिहिलंय ते पाहिलेलं आहे, ऐकीव नाही.

निजाम भित्रा आहे. हे मी त्याच्या मागून बोलत नाही, बाजार त्याच्या तोंडावर बोलतो. समोरचा चहावाला सुदेश म्हणतो, “निजामान पोळपाट केल्यान तरी तेका चार वायसर लावतलो.” एक नट तो तीनदा आवळतो. आवळल्यावर खडूने खूण करतो. दुसऱ्या दिवशी खूण सरकली का ते बघतो आणि मगच गाडी सोडतो. गिऱ्हाइकं वैतागतात, तरी परत त्याच्याकडेच येतात.

भीतीला कारण आहे. एकतीस वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ मासळीचा टेम्पो चालवायचा. टेम्पोला पुढे नाक नव्हतं. ड्रायव्हरचे गुडघे आणि रस्ता यांच्यामध्ये एक पत्रा आणि एक बंपर, बस्स. घाटात उभ्या ट्रकवर तो मागून गेला. वेग फार नव्हता. पण बंपर एका बाजूने सुटला, गाडी तिरकी आपटली, पत्रा आत आला. भाऊ वाचला, पाय वाचले नाहीत. तो बंपर चार दिवस आधी निजामनेच बसवला होता. तेव्हापासून नाक नसलेल्या गाडीत निजाम पुढच्या सीटवर बसलेला नाही.

गेल्या नोव्हेंबरात आचऱ्याची संचिता त्याच्या दारात तशीच गाडी घेऊन आली.

जर्मन बनावटीची जुनी व्हॅन. एकाहत्तर सालची. आत झोपायला फळी, लहानसं बेसिन, गॅसची शेगडी. गोव्यात कोणी परदेशी जोडपं सोडून गेलं होतं, तिथून फिरत फिरत संचिताकडे आली. पर्यटकांना किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवायचं, गाडीतच झोपवायचं, असा तिचा विचार होता. इंजिन दुरुस्त झालं होतं. मागचा बंपर वाकलेला होता आणि पुढचा नव्हताच. त्या जागी जिन्याच्या कठड्याचा पाइप वेल्ड केलेला.

“काकानू, बंपर व्हयो,” ती म्हणाली.

निजाम समोरून दोन पावलं मागे सरला. “ह्या गाडयेक नाक नाय.”

“नाक कशाक? इंजिन मागे आसा.”

“चलयतला कोण?”

“मीच.”

“मगे माका जमाचा नाय.”

संचिताने माझ्याकडे बघितलं. ती म्हणाली, “तीन आठवड्यांनी सोमवारी ओरोसाक पासिंग आसा. नाताळाचे पावणे ठरलेत. तुमका जमाचा नाय तर दुसऱ्याकडना करून घेतंय. नायतर पाइप आसा तो आसा.”

निजाम परत गाडीजवळ गेला. पाइप हाताने हलवून बघितला. आपण काम करायची त्याला भीती होती, पण दुसरा कोणी कसंतरी करील याची भीती जास्त होती.

“ठेव हंयच,” तो म्हणाला.

असल्या गाडीचा बंपर दुकानात मिळत नाही. निजामने खारेपाटणला भाच्याला, मुनीबला, फोन लावला. मुनीबचा भंगाराचा धंदा. तिथल्या एका बागायतदाराच्या मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, मागे अशीच व्हॅन कित्येक वर्षं मरून पडली होती. निजाम ओरडून सांगत होता, “फुडलो धाड. फुडलो. इंजिनाकडचो.”

तीन दिवसांनी बंपर आला. तो मागचा होता. मुनीबने ‘इंजिनाकडचो’ एवढंच धरलं होतं, आणि या गाडीचं इंजिन मागे. चूक मुनीबची नव्हती. चाळीस वर्षं ज्याने इंजिन पुढेच बघितलंय, त्याच्या तोंडून दुसरं काय येणार?

सुदेश हसून हसून खाली बसला. “निजामभाय, तुमी गाडी उलटी चलवूक सांगा चेडवाक.”

निजाम हसला नाही. “पयल्याच पावलाक चुकलंय,” तो मला हळू म्हणाला. “ह्या बरा नाय, दाजी.”

मी म्हटलं, तिचा मागचा वाकलेलाच आहे, हा तिथे लागेल. त्याच दुपारी लागलाही. पण निजामच्या तोंडावरची काळजी गेली नाही.

दुसऱ्या खेपेला पुढचा आला, चांगला, चकचकीत. मुनीबने तो दुसरीकडून काढला होता. संचिताला लगेच आवडला. निजामने त्यावर सुताची दोरी धरली आणि मान हलवली. तो नंतरच्या सालातल्या गाडीचा होता, सरळ पट्टीसारखा. एकाहत्तरच्या बंपरची दोन्ही टोकं कडेला वळून येतात आणि त्यांच्यावरच पायरी असते. या गाडीत ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या वर बसतो. चढायचं ते बंपरच्या पायरीवर पाय ठेवून.

“पायरेचा काय करूचा? मी उडी मारीन,” संचिता म्हणाली.

“पायरेचा नाय गो. हेचे बोल्ट लावचे कान दुसऱ्या जाग्यार येतत. चासीक नवे भोक पाडूचे लागतले. भोक पाडला की थयसून गंज सुरू.”

“काकानू, पासिंग पाच दिवसांर इला.”

“ता माका म्हायत आसा.”

त्याने पुन्हा फोन लावला. या वेळी इंजिनाचं नाव घेतलं नाही. “माणसाकडचो व्हयो,” तो म्हणाला. “मुनीब, आयक. जंय माणूस बसता, थयचो. मेलल्या गाडयेचो फुडलो खंय गेलो ता त्या बागवाल्याक इचार.”

मुनीबने विचारलं. बागायतदाराने तो बंपर माडाच्या आळ्याला कड म्हणून पुरून ठेवला होता. वळलेली टोकं आळ्याला बरोबर बसत होती. मुनीबने तो उकरून काढला आणि शुक्रवारी सकाळच्या एस.टी.ने धाडला. पोत्यात गुंडाळलेला, मातीसकट.

शुक्रवार आणि शनिवार आम्ही दोघांनी त्यावर घातले. माती, मग गंज, मग पुन्हा गंज. तारेच्या ब्रशने दोघांचे हात सोलले. पत्रा जाड होता, आत शाबूत होता. पोचे लाकडी हातोड्याने आतून काढले. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून झाकलं नाही. निजाम लांबी भरत नाही. लाल प्रायमर, त्यावर पांढरा रंग. हे काम हातोडा धरणाऱ्यालाच कळतं, बाकीच्यांना फक्त रंग दिसतो.

रविवारी सकाळी बसवायला घेतला. पाइप कापला. डावा कान चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, बरोबर आला. निजामने हातोड्याने चासीचं टोक वाजवून बघितलं. टण. उजवा कानही बरोबर आला. त्याने तिथेही वाजवलं. मी दुसऱ्या बाजूला पाना धरून होतो. माझं लक्ष भोकांवर होतं.

बोल्ट आवळले, खुणा केल्या. निजाम उजवीकडे पुन्हा गेला. मग पुन्हा गेला. चौथ्यांदा गेला तेव्हा मी विचारलं, “काय रे?”

“काय नाय.”

त्याच्या कपाळावर घाम होता. सावलीत काम चाललं होतं. मी उठून बघायला हवं होतं. मी चहा प्यायलो. हे माझ्या नावावर लिहून ठेवतो.

दुपारी संचिताचा बाप दत्तप्रसाद नारळ घेऊन आला. उद्या पासिंग, म्हणून आज गाऱ्हाणं. एकाने देवाला सांगायचं आणि उभ्या असलेल्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साक्ष द्यायची. ज्याचं काम, त्याने उभं राहायचं, ही आमच्या बाजारातली रीत. निजाम आजवर शंभर गाड्यांच्या गाऱ्हाण्याला उभा राहिला असेल. कधी मागे सरला नाही.

दत्तप्रसादने नारळ दोन्ही हातांत धरला. “बा रामेश्वरा म्हाराजा, आज माज्या चेडवान नवो धंदो मांडल्यान हा.”

“व्हय म्हाराजा.”

“वाटेर, वळणार तिचो सांभाळ कर रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्या निजामान जीव लावन काम केल्यान. तेच्या हातार भरवसो ठेवन ती गाडयेर बसता, म्हाराजा.”

आम्ही म्हटलं. निजामचे ओठ हलले नाहीत. दत्तप्रसादच्या लक्षात आलं. तो थांबला. हसत म्हणाला, “निजामा, व्हय म्हण मरे. तुजाच नाव घेतलंय.”

निजामने गाडीच्या उजव्या बाजूकडे बघितलं.

“नाय म्हाराजा,” तो म्हणाला.

गाऱ्हाण्याला ‘नाय’ म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. कोणीच ऐकलं नसेल. सुदेशच्या हातातला ग्लास तसाच राहिला. दत्तप्रसादचा चेहरा उतरला. नारळ हातात, ना फोडता येत होता ना खाली ठेवता येत होता.

“काय बोलतास काकानू?” संचिता पुढे आली.

“उजवीकडची चासी आतसून गेली हा. बोल्ट घट आसा, पण तो गंजाक धरून आसा.”

“सकाळपासना म्हायत होता?”

“आवाज आयकलंय आणि भियालंय. सांगलंय तर तुजा पासिंग जाता. नाय सांगलंय तर...” पुढचं आम्हाला माहीत होतं.

तिचा विश्वास बसेना. निजामने तिच्या हातात हातोडा दिला. “तू मार.”

ती पाठीवर गाडीखाली गेली. डावीकडे मारला. टण. उजवीकडे मारला. थप. ओल्या लाकडावर मारावा तसा. जुन्या डांबरी रंगाची खपली पडली, मागोमाग लाल भुकटी तिच्या गळ्यावर सांडली. निजामने स्क्रू-ड्रायव्हर दिला. तिने टेकवला, तो दांड्यापर्यंत आत गेला.

गाडीखालून ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिने गळ्यावरची भुकटी पुसली. बापाला म्हणाली, “चला.” नारळ न फोडताच दत्तप्रसादने पिशवीत घातला.

पासिंग गेलं. पुढची तारीख जानेवारीतली मिळाली. नाताळचे पाहुणे दुसरीकडे गेले. संचिताने अकरा दिवस फोन केला नाही. निजामने त्या अकरा दिवसांत दुसरं काम घेतलं नाही. सडलेला भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापला, हातभर गेला. चार मिलिमीटरची प्लेट वाकवून तसाच आकार केला. पहिली प्लेट दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी पडली, टाकून दिली. दुसरी बसली. सगळ्या बाजूंनी वेल्डिंग केलं, आत गंजरोधक ओतला. या खेपेला प्रत्येक ठोका मीही मारला आणि कान लावून ऐकला.

बाराव्या दिवशी संचिता आली. निजाम डाव्या पायरीवर दोन्ही पायांनी उभा राहिला आणि उड्या मारल्या. मग उजव्या. मग मला चढवलं. माझं वजन एक्याण्णव किलो. बंपर हलला नाही.

दत्तप्रसादने तोच नारळ आणला होता. वाजवून बघितला, पाणी होतं. गाऱ्हाणं पुन्हा पहिल्यापासून झालं. निजामचं नाव आलं तेव्हा आम्ही सगळे गप्प राहिलो आणि त्याच्याकडे बघितलं.

“व्हय म्हाराजा,” तो म्हणाला.

संचिता स्टिअरिंगवर बसली. बाजूचा दरवाजा आतून उघडला. “येवा काकानू.”

“मागे बसतंय मी.”

“मागे कशाक? भरवसो नाय तुमचो?”

बाजार बघत होता. हवाबी, निजामची बायको, जेवणाचा डबा घेऊन आली होती. तीही बघत राहिली. निजामने उजवा पाय पायरीवर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला आणि चढला. मी मागच्या फळीवर बसलो.

कट्ट्याहून आचऱ्याला जाईपर्यंत त्याने पाय खाली ठेवले नाहीत. दोन्ही पाय सीटवर वर घेऊन, गुडघे मिठीत धरून बसला होता. समोरून गाडी आली की डोळे मिटायचा. संचिता सावकाश चालवत होती. ती हसली नाही. एका वळणावर पुढे म्हैस आली आणि तिने जोरात ब्रेक मारला. निजामच्या तोंडून काहीतरी निघालं. म्हैस गेली, आम्ही निघालो.

आचऱ्याला पोचल्यावर तो बंपरच्या पायरीवरून उतरला. दाराला धरून थोडा उभा राहिला. मग खाली वाकला.

“दाजी,” तो म्हणाला, “पानो दी रे. उजवीकडची खूण बघूया.”

खूण सरकली नव्हती. तरी आम्ही बोल्ट आवळला.