धाकटीची चौकट

धाकटी मला पहिल्यांदा दिसली ती जिन्यात. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यासमोर ही ऑफिसची पर्स खांद्याला लावून नुसती उभी.

"काही हरवलंय का गं?" मी विचारलं.

"नाही बाई, बघतेय. हा आधी कान लावतो, मग पाना काढतो."

ही शेजारच्यांची धाकटी सून. घरीदारी सगळे तिला धाकटीच म्हणतात. एका मोठ्या इस्पितळाच्या मनुष्यबळ विभागात ती काम करते. एखादं काम नीट करणारा माणूस नेमकं काय करतो, हे बघून-विचारून लिहायचं; या लिहिलेल्या यादीला ती 'चौकट' म्हणते. मग त्या चौकटीवरून माणसं निवडायची, शिकवायची, बढती द्यायची. सासूबाई म्हणतात, "दुसऱ्यांनी राबायचं, हिने बघायचं, आणि वर पगार!" आम्ही शिक्षक 'हुशार', 'कष्टाळू' असे शेरे देऊन मोकळे होतो. धाकटी 'प्रेमळ' असंसुद्धा लिहीत नाही. 'सुई टोचण्याआधी रोग्याला सांगते' असं लिहिते. वाचून मी थक्कच झाले होते.

गेल्या वर्षी त्यांच्या विभागप्रमुख निवृत्त होणार होत्या. त्या जागेची चौकट धाकटीनेच करायची होती, आणि जागाही तिलाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. नर्सपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांशी ती बोलली. पुन्हा पुन्हा एकच गोष्ट निघाली: वाईट बातमी प्रमुखाने स्वतः, समोर बसवून, लगेच सांगावी. तिने ती ओळ लिहिली. मग स्वतःला त्या चौकटीशी ताडून पाहिलं, तर नेमकी त्याच ओळीत ती कमी पडत होती. कुणाला बदली किंवा नकार कळवायचा म्हटलं की तिची जीभच उचलत नसे. आज-उद्या करत शेवटी चिठ्ठी जायची. तिच्यानंतर लागलेली एक सहकारी मात्र सरळ जाऊन सांगायची.

"मग खोड ना ती ओळ!" सासूबाई माझ्यासमोरच कडाडल्या. "पेन तुझ्याच हातात आहे ना?"

"पेन माझं आहे आई, म्हणणं त्यांचं आहे."

"आली मोठी खरं बोलणारी!"

धाकटी हसली, पण डोळे भरले होते. दुसऱ्या दिवशी निवड समितीपुढे तिने त्या सहकारी बाईंचं नाव सुचवलं, कारणासकट. इतकी वर्षं मी माणसं पाहिली. स्वतः केलेल्या मापात स्वतःच उणं पडूनही ते माप जसंच्या तसं पुढे ठेवणारं दुसरं कोणी मला आठवत नाही.

त्या बाई प्रमुख झाल्या. धाकटी त्यांच्या हाताखाली काम करते. कुणाला नकार सांगायचा असला की त्या तिला शेजारी बसवून घेतात. गेल्या महिन्यापासून पहिलं वाक्य धाकटी बोलते.