लोकाग्रहास्तव वादळ

घणसोली गावातल्या आमच्या गल्लीत तो रोज रिक्षातून साड्यांचा सेल पुकारत यायचा. गळा जपायला भर उन्हातही मफलर. एका पावसाळी संध्याकाळी पालिकेने त्याला वादळाचा इशारा द्यायला धाडलं, पण सूर सेलचाच राहिला.

"आज रात्री विजांचा कडकडाट. खाडीचं पाणी थेट आपल्या दारी. ही सुवर्णसंधी..." इथे तो अडखळला, "सामान माळ्यावर ठेवावे."

मी म्हटलं, "अहो, संकट आहे ते."

माइक मफलरने झाकून तो म्हणाला, "रडून सांगितलं तर कोन दार उघडत नाय, भाऊ."

सगळी गल्ली बाहेर आली होती. रात्री घोटाभर पाणी शिरलं, पण कुणाचं काही भिजलं नाही.

सकाळी आभाळ काळंच होतं. रिक्षा पुन्हा आली.

"लोकाग्रहास्तव," तो म्हणाला, "आज रात्रीही."