वादसभेच्या वहीतले बदललेले पान

मिठाला कायदा आहे, ताडीला आहे, जंगलातल्या लाकडाला आहे. मास्तराने खरे बोलावे की नाही, याला मात्र कायदा नाही. तिथे वरच्याची भुवई चढली की पुरे. ठाण्याच्या सरकारी शाळेत माझी सारी नोकरी झाली, तेव्हा हे अनुभवाचे बोल आहेत. सांगताना अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

मुंबईच्या कॉलेजातून पदवीबरोबर मी वादसभेची खोडही घेऊन आलो. शनिवारी दुपारी वरच्या इयत्तेची सभा भरायची. चिठ्ठ्या टाकून बाजू ठरायची. ज्याला जी येईल ती त्याने मांडायची. शेवटी हात वर करून मत द्यायचे. इतिवृत्त मी एका वहीत लिहायचो, कारण माझे अक्षर मोत्यासारखे, आणि त्याचा मला गर्वही होता. पुढच्या शनिवारी ते मोठ्याने वाचायचे, "बरोबर आहे ना?" असे विचारायचे, मगच सही करायची. हा नियम मीच घालून दिला होता.

एकदा विषय निघाला, मिठावरचा कर असावा की नसावा. वर्गात कोपरीचा एक आगरी विद्यार्थी होता, मिसरूड फुटलेला, घराण्यातला पहिलाच इंग्रजी शिकणारा. त्याच्या बापाचा जन्म मिठागरात गेलेला. चिठ्ठीत नेमकी त्यालाच 'असावा' ही बाजू आली. गडी डगमगला नाही. रस्ते, पूल, दवाखाने, सरकारचे सगळे खर्च त्याने असे मांडले की मी चकित झालो. मग मताच्या वेळी 'नसावा'साठी पहिला हात त्याचाच वर गेला! वर्ग खो खो हसला आणि सगळ्यांचे हात त्याच बाजूला गेले. मी तसे लिहून ठेवले.

बुधवारी शाळाखात्याचे डिपोटीसाहेब तपासणीला आले. कोणी गोरे नव्हेत, आपलेच पागोटेवाले. हेडमास्तरांनी मोठ्या कौतुकाने तीच वही पुढे केली, का, तर माझे अक्षर दाखवायला. साहेबांनी अक्षर पाहिले आणि मजकूरही वाचला.

"सरकारी शाळेत सरकारच्या कराविरुद्ध एकमत?" ते मला म्हणाले. "हे पान बदला. 'असावा' या बाजूला बहुमत मिळाले असे लिहा."

"पण साहेब, तसे झाले नाही."

"ते मलाही कळते. वर कळायला नको, एवढेच सांगतो."

कोणत्या नियमाने, असे मी विचारायला हवे होते. विचारले नाही. संध्याकाळी जुने पान कापून काढले आणि नवे लिहिले, तितक्याच सुबक अक्षरात.

शनिवारी हेडमास्तर स्वतः वर्गात येऊन बसले. मी नवे पान वाचले आणि सवयीने विचारून गेलो, "बरोबर आहे ना?"

साऱ्या वर्गातून कोपरीचा तेवढा उठला.

"नाय मास्तर, बरोबर नाय. सगल्यांनी 'नसावा' म्हनून हात वर केलेले. मी पन केलेला."

"खाली बस," हेडमास्तर ओरडले.

"बसतो, पन आधी मास्तरांना दुरुस्त करू द्या. नियम त्यांचाच हाय."

मी मान खाली घातली आणि त्याच पानावर सही केली. सोमवारी उद्धटपणाबद्दल त्याचे नाव पटावरून कमी झाले. पट माझ्याकडे असे. रेघ मीच मारली.

त्याचा उद्धटपणा तो कोणता? मास्तराने शिकवले तसे वागला, हाच! ज्या विद्यापीठाने मला पदवी दिली, ज्या सरकारने शाळा काढली, त्यांना एका ओळीचा कायदा जड होता का, की सभेत मांडलेल्या मताबद्दल मास्तराला वा विद्यार्थ्याला शिक्षा होणार नाही? त्याने मी शूर झालो नसतो. पण माझ्यासारख्या भित्र्याला हातात धरायला काहीतरी असते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आम्ही खातो, आणि वर तोच मार मुलांना वाटतो.

पुष्कळ वर्षांनी कोपरीच्या मिठागराकडून जात होतो. तो बापाच्या जागी मीठ ओढत होता. मला ओळखून बांधापर्यंत आला, माझी खुशाली विचारली. मग म्हणाला, "मास्तर, तं पान मागाहून दुरुस्त केलंत का?"

"नाही रे," मी म्हणालो.

"मंग तुमची सही अजून खोटीच हाय," तो म्हणाला, आणि परत मीठ ओढायला गेला.