महालाची खिडकी

चंद्रपूरहून सकाळच्या एसटीने निघालो तेव्हा आई म्हणाली, "पाहून ये, आपला महाल हाय का अजून."

आपला महाल म्हणजे नाटकाच्या पडद्यावर रंगवलेला महाल. धान निघालं की आमच्या गावात नाटक यायचं. दिवसभर मजुरी करून थकलेली आई मला मांडीवर घेऊन त्या पडद्यासमोर बसायची. पुढे मी शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो, मुंबईच्या संग्रहालयात मोठमोठी चित्रंही पाहिली. पण आवडतं चित्र म्हटलं की मला तो निळा महाल आणि त्याची दिवा लागलेली खिडकीच आठवते. त्या पडद्यावर आता पोलीस ठाणं रंगवणार आहेत, असं नाटकवाल्या एका मित्राकडून कळलं होतं.

वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीला गाडी बदलली. गप्पांच्या नादात उतरायचा फाटा मागे राहिला. कंडक्टर हसला, "आता चाला जी, पाय मोकळे होतीन!" एका बोडीच्या (लहान तलावाच्या) काठाने चालत पडदा रंगवणाऱ्या भाऊंच्या गावात पोहोचलो.

त्यांच्या अंगणात पडदा पसरला होता. म्हातारे चित्रकार भाऊ त्याच्यावरच अनवाणी उभे राहून पांढरा रंग फासत होते. जुन्या कापडावरच नवा देखावा काढायचा, ही इथली रीत. मनोरे गेले होते, जिना गेला होता. खिडकी तेवढी उरली होती.

"थांबा भाऊ!"

"काऊन जी? कापड तुमचं हाय का?"

मी सांगितलं, "त्या खिडकीत कोण राहते, असं मी आईला विचारायचो. ती म्हणायची, शिकलेला माणूस राहते, म्हणून तं दिवा चालू हाय."

भाऊंनी ब्रश डब्याच्या काठावर निथळवला. "मले तं पिवळा रंग उरला होता, म्हणून दिवा लावला."

त्यांची बायको दारातून म्हणाली, "अजी, ठेवा नं! ठाण्याले खिडकी नाई राहत का?"

"महालाची खिडकी? लोकं हासतीन."

"हासू द्या. हवालदार अभ्यास करून राह्यला म्हणा!"

भाऊंनी ब्रश खिडकीच्या कडेकडेने फिरवला. मग बाईंनी गरम भात आणि झिंग्यांची (सुकवलेल्या बारीक कोळंबीची) चटणी वाढली.

संध्याकाळी घरी आलो. आई दारातच होती.

"महाल?"

"नाही राहिला. खिडकी आहे."

"अन् दिवा?"

"चालू आहे."

"मग झालं. जेवाले चल."

मी अभ्यास करायचो तेव्हा कंदिलात तेल घालून ती शेजारी बसून राहायची. त्या खिडकीत एक नाही, दोन माणसं राहत होती.