शालनसाठी वेगळं पातेलं

कुणाच्याही घरात शिरली की ही बाई आधी गॅसवरच्या पातेल्याचं झाकण उचलायची. विचारणं नाही, काही नाही. अमेरिकेत आमच्या श्रूजबरीच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा आमटीचं झाकण उचललं, वास घेतला आणि माझ्या बायकोला, शालनला, मिठीच मारली. मी म्हणालो, "ही कोण इन्स्पेक्टर आली?" शालन म्हणाली, "गप बसा. शेजारीण आहे."

लूर्देस ब्राझीलची. लोकांची घरं साफ करून पोरं मोठी केलेली. माझ्याहून वयानं थोरली, पण गल्लीतली आपली पोरं म्हणतात म्हणून तीही मला काकाच म्हणायची. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं. मी चौथी शिकलेला माणूस. तरी आमची भांडणं व्यवस्थित व्हायची.

दर शनिवारी ती फेजुआदा करायची. रात्रभर भिजवलेला काळा राजमा, त्यात खारवलेलं डुकराचं मांस, कान-शेपटी सगळं, आणि मंद आचेवर दुपारपर्यंत शिजवत ठेवायचं. वर भात, लसणावर परतलेला पाला, संत्र्याच्या फोडी. मी भुकेनं कुरकुर केली की म्हणायची, "काका, घाई असेल तर अंडं खा."

डुक्कर मी खाल्लं. गावाकडच्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे. शालन मात्र मांसाला शिवत नसे. म्हणून मांस पडायच्या आधी लूर्देस तिच्यापुरता राजमा छोट्या पातेल्यात काढायची. त्याचा डाव वेगळा. एकदा मी मोठ्या पातेल्यातला डाव त्यात बुडवला. बाईनं ते सगळं फेकलं आणि नवा राजमा शिजत घातला. आम्ही दिवेलागणीला जेवलो.

"शालनला काय कळणार होतं?" मी म्हणालो.

"मला कळलं असतं ना, काका."

गेल्या पानगळीत शालन गेली. माझं जेवण सुटलं. सून ताट आणायची, मी तसंच परत पाठवायचो. मरायचं म्हणून नव्हे. घास खाली उतरतच नव्हता.

दहाव्याला घरामागच्या लाकडी डेकवर पिंड ठेवला. भटजी फोनवर. लूर्देसनं छोटं पातेलं आणलं होतं, त्यातला राजमा आणि संत्र्याची एक फोड पिंडाशेजारी ठेवली. भटजी म्हणाले, "हे चालत नाही." मी म्हणालो, "जेवणारी ती आहे. तिला चालतं."

कावळा समोरच्या मेपलच्या झाडावर होता, पण खाली येईना. नितीन, माझा मुलगा, हात जोडून म्हणाला, "आई, बाबांना मी सांभाळतो." कावळा हलला नाही. सुनेनंही कबूल केलं. नाहीच.

लूर्देसनं विचारलं, कशाची वाट बघताय? मी सांगितलं, गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकलाय. ते कुणी कबूल केलं की कावळा शिवतो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग पुढे झाली, पिंडापाशी वाकली आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलली. थोडकंच. कावळा उतरला, शिवून गेला. नितीन म्हणतो, त्याला भूक लागली असेल. म्हणू दे.

"काय कबूल केलंस?" मी विचारलं. तिनं सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी ती भिजवलेला राजमा घेऊन आमच्या दारात उभी. "काका, आजपासून तू शिजव." मी म्हणालो, मला चहाशिवाय काही येत नाही. "पातेल्याला माहीत नाही ते," म्हणाली. तेव्हा कळलं, बाईनं काय कबूल केलं होतं ते. त्या दिवशी मी ढवळलं, आणि ढवळणारा चाखतोच. चाखता चाखता जेवलो. मग एकही शनिवार तिनं सोडला नाही. बर्फातही यायची, झाकण उचलायची, मीठ कमी म्हणायची.

या उन्हाळ्यात ती झोपेतच गेली. चर्चमध्ये तिच्या पोरांनी सगळं नीट केलं. त्यांच्यात कावळा नसतो, हे मला ठाऊक आहे. तरी शनिवारी मी शिजवलं आणि डेकवर दोन पानं मांडली. एकात मांस, एकात नाही. डावही वेगळे ठेवले. हात जोडून मोठ्यानं म्हणालो, "बाई, शनिवार चुकणार नाही."

मग खुर्ची ओढून बसलो. बऱ्याच वेळानं नितीन दारात आला. "बाबा, किती वेळ बसणार? चला, जेवून घेऊ."

मी म्हणालो, "घाई असेल तर अंडं खा."