एक दिवस पुढे असलेली पेटी

निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. खुनाची, दरोड्याची प्रकरणे आता प्रयत्नपूर्वक आठवावी लागतात. पण एका पेटीची घटना मात्र न बोलावता समोर येऊन उभी राहते. त्या पेटीत सोने नव्हते, फक्त चित्रे होती.

नव्वदच्या दशकाचा मध्य. ते लीप वर्ष होते. हे मुद्दाम का सांगतो, ते पुढे कळेल. मी तेव्हा कुंभकोणमच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. आमचे घराणे मराठा काळात तंजावर प्रांतात येऊन स्थिरावलेले. घरात जुन्या वळणाची मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, असा आमचा रिवाज. त्यामुळे पुढील संवाद बहुतेक तमिळमध्ये झाले होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी आटोपली, आणि पितळी समया घडवणाऱ्या कारागिरांच्या एका संस्थेचे चिटणीस तक्रार घेऊन आले. कारागीर जवळच्या नाचियार्कोविल गावचे, संस्थेचे कार्यालय कुंभकोणममध्ये. समईचे बूड, खांब, वरचा हंस अशा प्रत्येक भागाची मापे घालून काढलेली शेकडो चित्रे संस्थेजवळ होती. एखाद्या देवळातली जुनी समई मोडली, तर त्या चित्रावरूनच जोडीचा भाग ओतता येई. वाळवी लागल्यामुळे वर्षभरापूर्वी ती सगळी संगणकावर उतरवून घेतली होती. पाच टेबलांवर पाच संगणक आणि त्या पाचांना तारेने जोडलेली एक साठवणपेटी. जे काही जपायचे ते पेटीत ठेवायचे. तेथून कोणीही आपल्या पडद्यावर पाहावे. आज ही गोष्ट शाळेतही असते. तेव्हा आमच्या गावात ती नवलाची होती.

"पेटी जागेवर आहे," चिटणीस म्हणाले, "पण आतली चित्रे नाहीत. आणि कोणी पुसली तेही पेटीनेच लिहून ठेवले आहे."

त्यांनी छापील कागद पुढे केला. सरस्वतीपूजेची तारीख, सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटे, आणि नाव संस्थेच्या आरेखकाचे. ही चित्रे ज्यांनी हाताने काढली होती, तेच ते गृहस्थ. चाळीस वर्षांची नोकरी. निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते.

"पूजेला दरवर्षी तेच एकटे येऊन कार्यालय उघडतात. यंत्र आले तेव्हा सर्वांत जास्त विरोधही त्यांचाच होता. आणखी काय पाहिजे, सार?"

ते गेल्यावर आमचे हेड कॉन्स्टेबल, ज्यांना सारे ठाणे एट्टय्या म्हणे, कागद उलटसुलट पाहत म्हणाले, "अय्या, समई चोरीला गेल्याची तक्रार मी लिहिली आहे. समईच्या चित्राची पहिल्यांदाच. आता समईच्या उजेडाची तेवढी यायची राहिली."

दुसऱ्या दिवशीच्या टपालात निनावी पोस्टकार्ड आले: चित्रे त्या आरेखकाच्या घरी ट्रंकेत आहेत, शेजाऱ्यांनी ट्रंक नेताना पाहिली आहे. मी त्यांना ठाण्यात बोलावले.

पांढरे धोतर, बाह्यांना इस्त्रीची घडी. ठाण्याच्या नियमाप्रमाणे त्यांनी खिशातल्या वस्तू टेबलावर काढून ठेवल्या: चष्म्याचे घर, रेल्वेचा पास, आणि कडा झिजलेली सहा इंची लाकडी पट्टी. पट्टी त्यांनी टेबलाच्या कडेला समांतर ठेवली. ते मी पाहिले, पण त्यावर विचार केला नाही.

"पूजेच्या दिवशी कार्यालय तुम्ही उघडले?"

"होय."

"पेटीजवळ गेलात?"

"गेलो. गंध लावले, कुंकू लावले. दिवा ओवाळला."

"मग चित्रे पुसलीत?"

"नाही."

"तुमच्या नावाने कोणी पुसली?"

यावर ते गप्प झाले. अनुभवाने मला एवढे कळत होते की खोटे बोलणारा माणूस सहसा गप्प बसत नाही. पण गप्प बसणाऱ्याला काही ठाऊक असते. मी तीन तास त्यांना बाकावर बसवून ठेवले. वय एकोणसाठ. त्यांनी पाणीसुद्धा मागितले नाही. ते तीन तास मला आजही टोचतात.

दुपारी आम्ही सुंदरपेरुमाळ कोयिल या गावी त्यांच्या घरी झडतीसाठी गेलो. दोन साक्षीदार आणि चिटणीस यांना बरोबर घेतले. महाराष्ट्रात ज्याला पंचनामा म्हणतात त्याला आमच्याकडे महजर म्हणतात. मराठा राजवटीतला हा शब्द अजून तमिळ ठाण्यांत नांदतो. माळ्यावर ट्रंक सापडली. आत कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यात, जुन्या धोतरांत गुंडाळलेली कागदी चित्रे होती. मूळ चित्रे.

"ही तर जाळायला सांगितली होती," चिटणीस म्हणाले. "संगणकावर घेतल्यावर वाळवीचे कागद ठेवायचे कशाला?"

"जाळवली नाहीत," आरेखक म्हणाले. मग माझ्याकडे वळून, त्या दिवसात पहिल्यांदाच, ते आमच्या घरच्या मराठीत बोलले; त्यांचे घराणेही आमच्यासारखेच मराठा काळात इकडे आलेले. "मज एवढेच माहीत. जळाऊ म्हणून दिलेले मी ठेवून घेतलो. त्याचे काय ते लिहा. बाकीचे विचारू नका."

"बाकीचे म्हणजे काय?"

त्यांनी मान हलवली. त्यांच्या पत्नीने साक्षीदारांसकट सर्वांना पितळी पेल्यांतून कॉफी दिली. नवऱ्याला पकडायला आलेल्या माणसाच्या पेल्यातही साय नसावी म्हणून ती गाळून घेत होती.

परतताना जीपमध्ये मी महजर पुन्हा वाचत होतो. एट्टय्या म्हणाले, "अय्या, एक विचारू? सरस्वतीपूजेला तुमच्या घरी कोणी पुस्तक उघडते का?"

"नाही."

"माझा मुलगा परीक्षा असली तरी उघडत नाही. वर्षातून तेवढा एकच दिवस मला तो धार्मिक वाटतो."

मी महजर मिटला. महाराष्ट्रात खंडेनवमीला हत्यारे पुजतात. आमच्याकडे त्या दिवशी पुस्तक, लेखणी, करवत, शिवणयंत्र, ज्यावर पोट चालते ते सारे देवापुढे ठेवतात आणि विजयादशमीपर्यंत हात लावत नाहीत. जो माणूस खिशातली पट्टीसुद्धा सरळ ठेवतो, तो गंध लावलेल्या यंत्रावर त्याच दिवशी बोटे चालवील? मग कागदावरची तारीख काय सांगत होती?

माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. वर्गात शिरले की प्रथम फळ्यावर तारीख लिहीत, आणि ती बरोबर आहे का हे मुलांना विचारीत. ठाण्याच्या दैनंदिनीतही पहिली ओळ तारखेचीच. मी दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन संगणकांची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाला म्हणालो, "पेटीला आजची तारीख विचारा."

पडद्यावर शुक्रवार आला. भिंतीवर रोज पान फाडायचे कॅलेंडर होते. त्यावर गुरुवार होता.

तंत्रज्ञाने बोटांवर महिने मोजले. "फेब्रुवारी," तो शेवटी म्हणाला. "या वर्षी एकोणतीस दिवसांचा होता. पेटीच्या घड्याळाला ते कळले नाही. तेव्हापासून ती एक दिवस पुढे आहे, सार."

आठ महिने कोणाच्याही लक्षात आले नव्हते, कारण तारीख पाहायला सगळे भिंतीकडेच पाहत. म्हणजे चित्रे पुसली गेली ती पूजेच्या आदल्या दिवशी, कार्यालयात सगळे हजर असताना.

"त्या दिवशी काय चालले होते?"

"साफसफाई," चिटणीस म्हणाले. "जाळी काढली, कपाटे पुसली. मीच सांगितले होते, प्रत्येकाने आपापले टेबल स्वच्छ करा."

आरेखकांच्या शेजारच्या टेबलावर तिशीतल्या एक बाई बसत. टंकलेखन शिकून आलेल्या, नवरा वारलेला, नोकरी तात्पुरती. महिनाअखेरीस ती कायम व्हायची होती. आरेखकांना कळफलक जमत नसे, म्हणून चित्रांचे काम त्यांच्या नावाने, त्यांचा परवलीचा शब्द वापरून, या बाईच करीत. मी त्यांना आवाज न चढवता विचारले.

"मी टेबल पुसले, सार. मग संगणकही स्वच्छ केला," त्या थोड्या अभिमानानेच म्हणाल्या. "चित्रे दोन ठिकाणी दिसत होती. एक पेटीत, एक माझ्या पडद्यावर. पडद्यावरची पुसली. पेटीतली आहेतच ना?"

तंत्रज्ञाने मान खाली घातली. त्या बाईंनी आमच्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि आपण काय केले ते त्यांना तिथेच कळले. पडद्यावर दिसत होती ती दुसरी प्रत नव्हती. ती पेटीतलीच होती. खिडकीतून दिसणारे झाड आपल्या खोलीतले समजून तोडावे, तसे झाले होते.

"अय्या माझ्यामुळे ठाण्यात बसले?" आरेखकांच्या रिकाम्या टेबलाकडे पाहत एवढेच त्या म्हणाल्या.

आरेखकांना मी स्वतः जाऊन सांगितले, आणि या वेळी मराठीत विचारले, "तुम्हाला आधीच कळले होते ना?"

"झाडताना तिचे ते टकटक मी ऐकलो होतो."

"मग सांगितले का नाही?"

"माझी नोकरी पंधरा दिवसांची. तिची अजून लागायची." मग म्हणाले, "आणि नाव माझेच होते. परवलीचा शब्द मीच दिलो तिला. ते खोटे नव्हे."

गुन्हा नव्हता, चूक होती. 'वस्तुस्थितीची चूक' असा शेरा लिहून मी प्रकरण बंद करण्याचा अहवाल पाठवला. चिटणीस पोस्टकार्डाची चौकशी करा म्हणून मागे लागले. मी ती केली नाही. त्या पोस्टकार्डामुळेच जगात चित्रांची दुसरी प्रत शिल्लक असल्याचे आम्हा सर्वांना कळले होते.

सगळ्यांची वस्तू एका ठिकाणी ठेवली की ती सुरक्षित झाली, असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती हरवण्याचीही एकच जागा होते. हे मी यंत्राकडून शिकलो. कागद खरा असला तरी तो कोणत्या घड्याळाने लिहिला ते आधी पाहावे, हेही शिकलो, आणि पुढच्या प्रत्येक तपासात ते पाळले. बाकावरचे ते तीन तास मात्र कोणत्याही शेऱ्याने बंद झाले नाहीत.

महिनाअखेरीस निरोपसमारंभाला मला बोलावणे होते. मी साध्या कपड्यांत गेलो. ट्रंक पेटीच्या शेजारी येऊन बसली होती, आणि दोघींवर गंधाचे ताजे ठिपके होते. बाईंची नोकरी कायम झाली होती. समारंभ संपल्यावर आरेखकांनी मला हात धरून संगणकापाशी नेले आणि पेटीची नोंद दाखवायला सांगितले. बूड, खांब, हंस, एकेक चित्र परत आत जात होते. तारीख बरोबर होती. प्रत्येक ओळीपुढे नाव होते त्या बाईंचे, त्यांचे स्वतःचे.

आरेखकांनी खिशातून पट्टी काढली, पडद्यावरच्या त्या नावाखाली धरली, आणि ते मला वाचून दाखवले.